सतरा जण स्टेजवर, बोलतोय एकच, बाकी सोळांनी काय करायचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं समजेल. चोपड्याकडचा तरुण दिग्दर्शक आहे, बंद पडलेल्या जिनिंगवर (कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना) दोन अंकी नाटक लिहिलंय, पात्रं सतरा, हिरो असा कोणीच नाही. राज्य नाट्य स्पर्धेला जळगाव केंद्रावर करायचंय आणि जमलंच तर नंतर त्याचीच पाच भागांची वेब सिरीज. अडचणी तीन. सगळ्यांना मोठा रोल पाहिजे. जिनिंगच्या आवारात सगळं गाव जमतं तो सीन एसटी स्टँडवरच्या गर्दीसारखा दिसतो. आणि तालमीला सतराच्या सतरा माणसं एकदाही आलेली नाहीत. शेवटी विचारलंय, सर पात्रं कमी करू का?

नको करू भो. निदान आत्ता नको. कुठलं पात्र जास्तीचं आहे ते तालमीत आपोआप कळतं, कागदावर कापायला बसलास की नेमकं चांगलं पात्र जातं, माझं दोनदा झालंय.

मी अठ्ठावीस वर्षं हौशी नाटक करतोय. सुरुवातीची पाच वर्षं नुसता प्रॉम्प्टर होतो, म्हणजे स्टेजच्या बाजूला विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगणारा, मधे चार वर्षं मुंबईला एका मालिकेवर असिस्टंट डायरेक्टर, मग परत जळगाव. प्रॉम्प्टिंगला लोक हलकं काम समजतात पण मी जे काही शिकलो ते विंगेत बसूनच. विंगेतून बोलणाऱ्याचं तोंड दिसतच नाही, त्याचा कान दिसतो आणि पाठ दिसते. समोर दिसतात ते ऐकणारे. आणि एक गोष्ट मला पहिल्या दोन-तीन नाटकांतच लक्षात आली की ज्या दिवशी ऐकणारे झोपलेले असायचे त्या दिवशी बोलणारा कितीही जीव तोडून बोलला तरी थिएटरात खोकले सुरू व्हायचे.

म्हणून तुझ्या दुसऱ्या अडचणीपासून सुरू करतो, कारण ती सुटली की पहिली निम्मी सुटते.

एक किस्सा सांगतो. हायवेला जमीन जाते त्यावरचं नाटक होतं आमचं, सरपंचाच्या ओट्यावर सात माणसं बसलेली आणि सरपंच तीन पानं बोलतो. सातव्या माणसाला वाक्यच नव्हतं. तो रोल अमळनेरकडच्या एका शेतकऱ्याला दिला होता, आयुष्यात पहिलं नाटक. दुसऱ्याच तालमीला तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, माले एक बी वाक्य नही शे, मी काय करू तठे, नुस्ता हुभा ऱ्हाऊ का?" मला आधी हसू आलं आणि मग लाज वाटली, कारण त्याने बरोबर विचारलं होतं. मी त्याला काही दिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरून अडकित्ता आणला आणि त्याला सुपारी कातरायला बसवलं. झालं, नवीन भानगड. अडकित्त्याचा कट कट आवाज, सगळ्यांची नजर त्याच्या हाताकडे, आणि सरपंच झालेला नट चिडला की हा माझा सीन खातोय. तेही खरंच होतं. मग आठ दिवस आम्ही त्या सुपारीवर घालवले, खोटं सांगत नाही. आधी त्याला सांगितलं की एकसारखं कातर, जोरात नाही हळू नाही, पंखा फिरतो तसं. दोन मिनिटात लोकांना तो आवाज ऐकू येणं बंद होतं, घरातल्या घड्याळासारखं. मग सरपंच गट नंबर वाचायला लागतो, एक, दोन, तीन, आणि चौथ्या गट नंबरला अडकित्ता थांबतो. बस. तो काही बोलत नाही, वरही बघत नाही. नुसता आवाज बंद होतो आणि अख्ख्या थिएटरला कळतं की जमीन ह्याची गेली. सरपंच पुढे वाचत राहतो पण आता त्याचं वाचणं वेगळंच ऐकू यायला लागतं.

मला ह्या विषयात जे सांगायचंय ते एवढंच आहे. न बोलणाऱ्याला काम दे आणि ते काम कुठे थांबवायचं ते तू ठरव. प्रेक्षकाची नजर हलणाऱ्याकडे जाते हे सगळ्यांना माहिती असतं. पण दहा जण हलत असतील तर नजर थांबलेल्याकडे जाते, हे मात्र आपल्याकडे फार कमी लोक वापरतात. आपल्याकडे दिग्दर्शक सांगतो, "तुम्ही मागे रिअ‍ॅक्शन द्या." रिअ‍ॅक्शन द्या म्हटलं की चौदा माणसं एकाच वेळी भुवया उडवतात आणि एकमेकांकडे बघून माना हलवतात, गणपतीच्या आरासमधल्या हलत्या पुतळ्यांसारखी.

तुझ्या जिनिंगच्या सीनला हे लावून बघ. तुझ्याकडे मापाडी आहे, दोन हमाल आहेत, चहावाला आहे, बाया आहेत, हिशोबनीस आहे. मापाडी बंद वजनकाट्यावरची धूळ पुसतोय. एक हमाल पोतं शिवतोय, तेही खरा दाभण आणि खरी सुतळी घेऊन. बाया सरकी निवडताहेत. चहावाल्याचे ग्लास. आता मालकाचा पोरगा येऊन सांगतो की जिनिंग विकली. इथे सगळ्यांनी एकदम थांबायचं नाही, ते सिनेमातल्या पॉज बटणासारखं दिसतं. आधी हमाल थांबतो, कारण पोटाला त्यालाच आधी बसणार. मग बाया. चहावाला शेवटपर्यंत थांबत नाही कारण त्याचं गिऱ्हाईक बदलेल, धंदा नाही. आणि हिशोबनीस तर थांबतच नाही, कारण त्याला आधीच माहिती होतं! बघ, एकही वाक्य न वाढवता पाच पात्रं उभी राहिली आणि एक भानगड पण उघडी पडली. कोण कधी थांबतं ह्या क्रमात तुझं नाटक आहे, ते एका कागदावर लिहून काढ.

ही काही बाहेरून आणलेली गोष्ट नाही. तमाशातला झीलकरी काय करतो? पुढचा कथा सांगतो आणि हा मागून जी जी रं जी करतो. त्याचं ऐकणं ऐकू येतं, एवढाच त्याचा रोल, आणि तो नसला तर पुढच्याची दमछाक होते. आपल्याकडच्या वहीगायनात, म्हणजे खानदेशातल्या समूहाने गायच्या लोकगाण्यात, पण पुढचा ओळ टाकतो, मागचे उचलतात, आणि उचलणाऱ्यांच्या जोरावर पुढच्याला पुढची ओळ सुचते. बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी बोलाचालीत, सोंगाड्या मधे तोंड घालतो म्हणून सरदाराचं, म्हणजे फडाच्या प्रमुखाचं बोलणं चालतं. आपण शहरात येऊन नाटक शिकलो आणि हे विसरलो, आणि मग "समूह अभिनय" नावाची वेगळी कार्यशाळा लावायला लागलो. असो.

मराठीत ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे घाशीराम कोतवाल. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिला प्रयोग, तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. त्यात ब्राह्मणांची रांग उभी राहते आणि तीच रांग पडदा होते, भिंत होते, गर्दी होते, पुन्हा पुण्याचे नागरिक होते. रांग पाठ फिरवते आणि मागे काय चाललंय ते झाकलं जातं, पुन्हा तोंड फिरवते आणि आपण काही बघितलंच नाही असा चेहरा. नानाचं आणि घाशीरामचं काम कोणी केलं ते लोक सांगतात पण नाटक लक्षात राहतं ते त्या रांगेमुळे. आणि लक्षात घे, रांगेतली माणसं पाठ दाखवतात. आपल्या हौशी मंडळींना कोणीतरी कधीतरी सांगून ठेवलंय की प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, त्यामुळे सतरा जण अर्धगोल करून उभे राहतात, शाळेच्या ग्रुप फोटोसारखे. पाठ दाखव रे. निम्म्या लोकांची पाठ दिसली की उरलेल्यांच्या तोंडाला किंमत येते. लेव्हल, म्हणजे उभं राहायच्या उंच जागा, दोन-तीन ठेव, पोती रचून होतील, खर्च नाही. पण लेव्हलवर कोणाला उभं करतोस ते बघ, आपल्याकडे सवयीने सरपंच वर आणि हमाल खाली. मी असतो तर त्या सीनला हमालाला पोत्यांवर बसवलं असतं आणि मालकाच्या पोराला खाली उन्हात उभं केलं असतं.

आता रोल मोठा-छोटा. हे भांडण फार जुनं आहे. जर्मनीत मायनिंगेन नावाच्या छोट्या संस्थानाच्या ड्यूकने १८७० च्या दशकात नाटक कंपनी चालवली होती, तिच्यात नियम असा की आज मुख्य भूमिका करणारा उद्याच्या नाटकात गर्दीत उभा राहील, नखरे चालणार नाहीत. त्यांच्या गर्दीच्या सीनची युरोपभर चर्चा झाली, आणि त्याचं कारण हेच की गर्दीत पट्टीचे नट उभे असायचे, आयत्या वेळी धरून आणलेले नाही. पुढे रशियन दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्कीने पण त्यांच्याकडून उचललं. पण ड्यूककडे पगार द्यायला पैसे होते, आपल्याकडे काय आहे? नाटक संपल्यावर वडापाव.

आपल्याकडे पैशाच्या जागी फ्लेक्स आहे. खोटं वाटत असेल तर विचार कोणालाही. मी एक पूर्ण नाटक फ्लेक्सवरच्या फोटोच्या साइजवरून मोडताना बघितलंय, रंगीत तालमीच्या आदल्या रात्री, आणि ज्याचा फोटो छोटा झाला होता त्याचे काका फ्लेक्सवाले होते हे तर अजूनच वाईट. तेव्हापासून माझा नियम, फ्लेक्सवर नटाचे फोटोच नाहीत, नाटकातल्या एखाद्या वस्तूचा फोटो आणि खाली नावं, ती पण स्टेजवर येण्याच्या क्रमाने. तुझ्या केसमध्ये वजनकाट्याचा फोटो टाक. शेवटी नमस्काराला पण सगळे एका रांगेत, मधून कोणी पुढे येणार नाही.

फ्रेंड्स मालिकेचं उदाहरण पोरांना सांग, त्यांना ते लगेच कळतं. सहा मुख्य नट. सुरुवातीनंतर मानधनात फरक पडायला लागला होता, तेव्हा त्या सहा जणांनी ठरवलं की बोलणी एकत्र करायची आणि सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे. ज्यांना जास्त मिळालं असतं ते पण बाकीच्यांच्या बरोबरीला आले. शेवटच्या दोन सीझनला प्रत्येकाला एका एपिसोडचे दहा लाख डॉलर मिळत होते. मला पैशापेक्षा ह्यातलं दुसरं जास्त आवडतं. सारखं मानधन असलं की लेखकाला मोकळीक मिळते, ह्या एपिसोडला तू मागे राहा म्हटलं तर कोणाचं काही जात नाही.

पण खरं सांगू का, सगळ्यांना सारखी वाक्यं वाटून देणं हा पण मूर्खपणा आहे. मी केलाय. दहा जणांना मोजून पंधरा-पंधरा वाक्यं दिली, भांडण नको म्हणून, आणि नाटक रेशनच्या दुकानासारखं झालं, प्रत्येक जण आपल्या नंबरची वाट बघत उभा. रोल वाक्यांवर मोजायचा नसतो. तो कशावर मोजायचा, तर सगळ्यांच्या मधे जी एक वस्तू आहे तिच्याकडून ह्या माणसाला काय पाहिजे त्यावर.

हा मुद्दा जरा नीट बघ कारण लेखन तूच केलंयस. पुष्कळ पात्रांच्या गोष्टीला मधे एक खुंटी लागते. वळू (२००८) मध्ये तो मोकाट बैल आहे, त्याला पकडायचं ह्यात सरपंचाचं एक, विरोधकाचं दुसरं, फॉरेस्ट ऑफिसरचं तिसरं. देऊळ (२०११) मध्ये देऊळ. एलकुंचवारांच्या वाडा चिरेबंदीत, १९८५ साली विजयाबाई मेहतांनी ते पहिल्यांदा केलं, तो वाडाच आहे, कोणाला विकायचाय, कोणाला धरून ठेवायचाय, कोणाला त्यातून नुसतं बाहेर पडायचंय. आणि आतल्या खोलीतून किती वाजले विचारत राहणारी ती दादी, तिला काय वाक्यं आहेत मोठी? पण ती काढून बघ, घर कोसळतं. बाईपण भारी देवामध्ये (२०२३) सहा बहिणी आहेत, सहाही जणींची घरातली दुखणी वेगवेगळी, पण मंगळागौरीची स्पर्धा एकच, म्हणून त्या एका पिक्चरमध्ये मावतात. तुझ्याकडे जिनिंग आहे. आता सतराही पात्रांच्या नावापुढे एकच वाक्य लिही, ह्याला जिनिंगकडून काय पाहिजे. मापाडीला थकलेला पगार. मालकाच्या पोराला पुण्यात फ्लॅट. एका बाईला काही नको, तिचा नवरा तिथे मशीनमध्ये हात गमावून बसला, तिला फक्त ते मशीन भंगारात जाताना बघायचंय. ज्या दोन पात्रांपुढे सारखंच वाक्य आलं ती दोन पात्रं एक कर. मी पात्रं कापू नको म्हटलं होतं ते ह्यासाठी, ती अशी गळतात. माझा अंदाज, सतराची चौदा होतील.

आणि एक जण असा ठेव ज्याला काहीच नको, तो फक्त बघतो. सिंहासन (१९७९) आठव. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा पिक्चर, मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांना पाडायला निघालेले डॉ. लागू, कामगार पुढारी सतीश दुभाषी, एकेक दांडगा नट. आणि हे सगळं ज्याच्यातून ओवलं जातं तो पत्रकार दिगू, निळूभाऊ. निळू फुले आणि बहुतेक वेळ ऐकायचं काम! गावोगाव ज्या माणसाच्या आवाजाची नक्कल करतात त्याला ऐकायला बसवलं, आणि शेवटी त्याचं ते वेड्यासारखं हसणं अंगावर येतं कारण तोपर्यंत त्याने सगळं आत घेतलेलं असतं.

कास्टिंगबद्दल थोडंच सांगतो. पहिलं वाचन डोळे मिटून ऐक. चौदा आवाज चौदा वेगळे ऐकू आले पाहिजेत. चेहरे दिव्यात सारखेच दिसतात, मेकअपवाला सगळ्यांना सारखाच रंगवतो, पण आवाज सारखे असले की मागच्या रांगेतल्या माणसाला कोण बोललं तेच कळत नाही. आपल्या भागात तर ही चैन आहे. अमळनेर-धुळ्याकडचा अहिराणी बोलेल, यावल-रावेरकडचा लेवा बोलीत, सातपुड्याकडचा पावरा पोरगा त्याच्या पद्धतीने मराठी बोलेल, हिशोबनीस थोडं पुस्तकी. सगळ्यांना पुण्याच्या मराठीत घोटून काढू नको, परीक्षक काय म्हणतील म्हणून तर अजिबात नको. शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला हे नाटक २०१२ ला आलं ते जालन्याकडच्या पोरांनी आपल्याच भाषेत केलं आणि मुंबई-पुण्याने डोक्यावर घेतलं. फक्त बोली नकली नको. जळगावच्या पोराने अहिराणीची अ‍ॅक्टिंग केली की ते जोकरसारखं वाटतं, त्यापेक्षा त्याला त्याच्या स्वतःच्या भाषेत बोलू दे.

आता तालीम. सतरा माणसं एका वेळी येणार नाहीत हे मान्य करून टाक, बीपी वाढवून घेऊ नको. आपल्याकडे नट म्हणजे कोण, एक भुसावळला रेल्वेत शिफ्ट ड्यूटीवर, एक वरणगाव फॅक्टरीत, दोन शिक्षक ज्यांना कधीही निवडणुकीचं काम लागतं, एकाची केळी कापणीला आलेली. त्यात स्पर्धेच्या तालमी आणि कापूस वेचणी एकाच वेळी येतात. मी काय करतो, मोठा कार्डशीट घेतो, वर आडवी पात्रांची नावं आणि उभे नाटकाचे तुकडे. तुकडा म्हणजे प्रवेश नाही. कोणी आत आलं किंवा बाहेर गेलं की नवीन तुकडा. दोन अंकात असे पस्तीस-चाळीस तुकडे निघतात. मग चौकटीत खुणा, बोलणाऱ्याला भरलेला गोल, न बोलणाऱ्याला रिकामा गोल. हा कार्डशीट भिंतीला. संध्याकाळी सात वाजता जे नऊ जण आलेत ते बघायचे आणि त्यांच्यात कुठले तुकडे पूर्ण होतात ते घ्यायचे. एकही तालीम फुकट जात नाही. आणि रिकामे गोल दिसले की तुलाच कळतं की अरे हा माणूस बारा तुकडे नुसता उभा आहे, ह्याला अडकित्ता दिला पाहिजे.

जे आलेले नाहीत त्यांची वाक्यं आलेल्यांनी वाचायची, प्रॉम्प्टरने नाही. हे सक्तीने कर. आमचा एक प्रयोग ह्याच्यामुळे वाचला. बाहेरगावचा प्रयोग, दुसरा अंक सुरू झालेला आणि ज्याची एन्ट्री ती व्यक्ती गायब. रस्त्यात ट्रक उलटलेला, गाडी अडकलेली, फोन लागत नाही. त्याची सहा-सात वाक्यं होती आणि त्यातलं एक फार महत्त्वाचं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून. विंगेत माझे हातपाय गार पडले. स्टेजवर जी बाई होती, घरकाम करणारीचा रोल, तिने दाराकडे बघितलं, थोडं थांबली, आणि म्हणाली की भाऊ काही येत नाहीत आता, सकाळी मला सांगून गेलेत. आणि तिने ते महत्त्वाचं वाक्य निरोपासारखं सांगून टाकलं. बाकीची वाक्यं समोरच्या दोघांनी आपसात वाटून घेतली. तिला ते वाक्य पाठ कसं होतं? कारण तो भाऊ तालमीला पण यायचा नाही आणि महिनाभर त्याची वाक्यं हीच वाचायची! त्याने नंतर येऊन विचारलं की मग माझं काय झालं, तर आमचा लाइटवाला म्हणाला, तुझ्यावाचून काही अडलं नाही. जरा जास्तच लागलं त्याला ते.

एकमेकांचं वाक्य पाडणं हा रोग मात्र वेगळा आहे आणि तो चांगल्या नटांनाच होतो. समोरच्याचा पंच यायच्या आधी खोकायचं, लोक हसत असताना पुढचं वाक्य टाकून हशा मारायचा. ह्यावर भाषण देऊन उपयोग नाही. मी एक तालीम अशी घेतो की प्रत्येकाने आपलं वाक्य म्हणायच्या आधी समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द परत म्हणायचा. फार बोअर होतं, पोरं शिव्या देतात, पण कोण ऐकत नव्हतं ते पाच मिनिटात उघडं पडतं.

वेब सिरीजचं आत्ताच डोक्यात घेऊ नको, पण विचारलंस म्हणून सांगतो. स्टेजवर प्रेक्षक स्वतः ठरवतो कोणाकडे बघायचं, कॅमेऱ्यात ते तू ठरवतोस. त्यामुळे मालिकावाल्यांनी सोपा मार्ग काढला, एक जण वाक्य बोलला की हॉलमध्ये उभ्या असलेल्या अकरा जणांचे अकरा क्लोजअप, धाड धाड धाड. मी चार वर्षं हेच केलंय. नटाला फक्त सांगायचं की शॉक दे, उजवीकडे बघ, आता डावीकडे बघ. कशाबद्दल शॉक ते त्याला पण माहिती नसायचं, कारण पुढचा सीन अजून लिहून आलेलाच नसायचा. तसं करू नको.

बारा माणसं एका खोलीत कशी दाखवायची हे शिकायचं असेल तर ट्वेल्व्ह अँग्री मेन (१९५७) बघ, आणि मग त्यावरूनच बासू चॅटर्जींनी केलेला एक रुका हुआ फैसला (१९८६). पहिल्याचा दिग्दर्शक सिडनी ल्यूमेट, त्याने शूटिंगच्या आधी दोन आठवडे तालीम घेतली होती, नाटकासारखी. आणि कॅमेऱ्याची एक गंमत केली, सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर, मधे डोळ्यांच्या लेव्हलला, शेवटी डोळ्यांच्या खाली, त्यात लेन्स पण हळूहळू लांबच्या वापरत गेला, त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात आणि छत पण दिसायला लागतं. खोली तीच, पण माणसं एकमेकांच्या अंगावर यायला लागतात. ह्याला एक रुपया जास्तीचा लागत नाही. तुझ्या जिनिंगच्या गोडाऊनला हे जसंच्या तसं चालेल.

आवाजाचं मात्र आधीच ठरव, तिथे सगळे फसतात. रॉबर्ट ऑल्टमनने नॅशविल (१९७५) केला तेव्हा चोवीस मुख्य पात्रं होती आणि सगळे एकाच वेळी बोलताना पाहिजे होते, तर त्याने नटांना वेगवेगळे माइक लावून वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केलं, कोणाचा आवाज वर घ्यायचा ते नंतर. आपल्याला तेवढे माइक परवडत नाहीत. आम्ही एका शॉर्ट फिल्मला प्रत्येकाच्या खिशात त्याचाच मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवला, फ्लाइट मोडवर, आणि सुरुवातीला एक टाळी वाजवली जुळवायला. नऊतल्या सात जणांचा आवाज बऱ्यापैकी आला. एकाने सवयीप्रमाणे मोबाइल काढून बाजूला ठेवला होता आणि दुसऱ्याच्या खिशात किल्ल्या होत्या, अख्ख्या सीनभर छुन छुन.

आपल्या शेजारच्या मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या लोकांनी शोलेची स्वतःची आवृत्ती केलीच ना, मालेगाव के शोले, साधनं काय होती तर जवळजवळ काहीच नाही. पण शोले त्यांनी बरोबर निवडला होता, कारण त्यात एकेका सीनचं पात्र पण लोकांना नावानिशी पाठ आहे.

आता ह्या आठवड्यात एवढं कर. सतरा ओळींचा तो कागद, कार्डशीट, आणि जिनिंगच्या सीनची एक तालीम अशी की वाक्यं एकानेही बोलायची नाहीत, फक्त कामं करायची आणि कोण कधी थांबतो तेवढं बसवायचं. सरकी खरी आण, धरणगावकडे सहज मिळेल, थर्माकोलचे गोळे वापरू नको, हातातून पडताना आवाज येत नाही त्यांचा. दाभणाने पोतं शिवायला कोणाला येत नसेल तर एखाद्या खऱ्या हमालाला दोन संध्याकाळ बोलव, चहापाणी कर त्याचं, आणि तो कसा बसतो ते सगळ्यांना बघू दे. आमच्या वेळेला असाच शिकवायला आलेला माणूस शेवटी नाटकात घ्यावा लागला होता, कारण आमच्या नटाला पोतं काही केल्या शिवता येईना. त्याला वाक्य एकच दिलं होतं, ते पण तो कधी म्हणायचा, कधी नाही.